घोडनदी : छावणीतून उगवलेले गाव

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे बरीच आहेत. एक शिरूर कासार, एक शिरूर अनंतपाळ, एक शिरूर ताजबंद. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात. नदीचे नाव तेच गावाचे नाव. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरात उगम पावणारी घोड आंबेगाव तालुका ओलांडून इथवर येते, वाटेत कुकडीला पोटात घेते आणि खाली भीमेला जाऊन मिळते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर जिल्हा (२०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर). इतिहास पाहायला म्हणून शिरूरला कोणी उतरत नाही. लोक रांजणगावच्या गणपतीला जातात, निघोजच्या कुंडांना जातात आणि शिरूरच्या स्टँडवर चहा पिऊन पुढे निघतात.

आम्हाला मात्र या गावाविषयी आणि त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या दौंडविषयी लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटले की लेखणी अहमदनगरची निजामशाही, विजापूर, खडकीचा मलिक अंबर आणि औरंगाबाद इथे फिरून थांबते. बादशहा संपले की आपणही संपलो, असा त्या लिखाणाचा सूर असतो. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कोणत्याही दरबारात नव्हते. ते घोड्याला नाल ठोकत होते, तंबाखू-पान विकत होते, कापूस पिंजत होते, रिसाल्यात बारगीर म्हणून चाकरी करत होते, पुढे रेल्वेच्या भट्टीत कोळसा टाकत होते. शेख, पठाण, सय्यद, तांबोळी, आत्तार, बागवान, मणियार, पिंजारी, नालबंद ही आडनावे तालुक्याच्या गावांतून आहेत आणि प्रत्येक आडनावामागे एकेक धंदा उभा आहे. "तुम्ही मूळचे कुठले?" असा प्रश्न आपल्याला वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर बादशहांच्या वंशावळीत शोधण्यापेक्षा अशा गावांच्या जमिनीत शोधलेले बरे.

या मुलखाचा पहिला नायक घोडा आहे. भीमेच्या काठचा प्रदेश तो भीमथडी. दौंड पूर्वी याच नावाच्या तालुक्यात मोडत असे. मराठ्यांच्या फौजांची सारी दौड भीमथडीच्या तट्टांवर होती. अंगाने लहान, पायाने चिवट, कडबा आणि झुडपे खाऊन मैलोन्‌मैल चालणारे हे जनावर. अलीकडेच भीमथडी घोड्याची देशी वाण म्हणून अधिकृत नोंद झाली, म्हणजे ज्याच्या पाठीवर बसून लोक अटकेपर्यंत गेले त्याला कागदावर यायला एवढा काळ लागला. शिरूर तालुक्यात घोड-भीमेच्या संगमाच्या बाजूला आलेगाव पागा नावाचे गाव आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे घोड्यांची सरकारी पैदास चालवली होती. पैदास बंद पडली, पागा नावात राहिली.

आजचे शिरूर घडले ते छावणीमुळे. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुण्यावर नजर राहावी, नगरही हाताशी असावे आणि पेशव्याच्या डोळ्यांत सारखे सलूही नये, अशी जागा इंग्रजांना हवी होती. घोड नदीच्या काठावरचे हे माळरान त्यांना पटले. फौज आली तसा तिच्यामागे बाजार आला. पलटण म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. तिच्यामागे भिस्ती, सईस, घासकापे, शिंपी, खाटीक, नानबाई, सावकार, कलाल असे सारे चालते-बोलते गाव असते. पलटण हलली तरी हे गाव पुष्कळदा मागे राहते. शिरूर असे मागे राहिलेल्यांचे गाव आहे. १८६८ मध्ये तिथे नगरपालिका झाली. पुढे छावणीची शान गेली, पण पेठ टिकली.

त्या छावणीची सर्वांत विलक्षण खूण म्हणजे एक कबर. कर्नल विल्यम वॉलेस हा तैनाती फौजेचा प्रमुख. तो १८०९ मध्ये शिरूरला वारला आणि तिथेच त्याला पुरले. इथवर नवल नाही. इंग्रजांच्या अशा कबरी हिंदुस्थानभर आहेत, बहुतेकांवर आता बाभळी वाढल्या आहेत. वॉलेसच्या कबरीचे वेगळे झाले. आसपासच्या खेड्यांतली माणसे त्याला 'सत्पुरुष' म्हणू लागली. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर नोंदवते की ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर परिसरातले बाकीचे सारे हिंदू या कबरीला मानतात आणि सुगीला नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून तिथे आणतात. माणूस मरून पाऊणशे वर्षे झाली होती, त्याचे राज्य अजून चालू होते, आणि शेतकरी त्याच्या थडग्यापुढे बाजरी ठेवत होते.

ही गोष्ट सांगितली की शिकलेली माणसे हसतात. गुलामीची परिसीमा म्हणतात. आमच्यातले काही लोक याला कबरपरस्ती म्हणून नाक मुरडतील. आम्हाला ती तशी वाटत नाही. तोफा आणि तलवारी घेऊन आलेल्या परक्या माणसाला गावाने आपल्या मापाने मोजले. हा बरा होता, हा न्यायाने वागला, असे ज्याच्याविषयी वाटले त्याची जात, त्याचा धर्म, त्याची बोली न विचारता त्याला गावाच्या रखवालदारांत बसवले. महाराष्ट्रातल्या कितीतरी पीर-अवलियांच्या दर्ग्यांमागे हाच हिशेब आहे. कुणी फौजेबरोबर आला, कुणी व्यापाऱ्यांबरोबर, कुणी एकटाच झोळी घेऊन आला. खेड्याने त्यांचा शजरा तपासला नाही. नवसाला पावतो का, एवढेच पाहिले. दौंडहून भीमा ओलांडून गेले की श्रीगोंदे लागते. तिथल्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी संतमालिकेत घेतले ते याच मनाने. फरक एवढाच की शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहून आपली जागा स्वतः कमावली आणि वॉलेसला त्याची बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती.

आता शिरूरच्या त्या रात्रीकडे येऊ, जिच्यावाचून या गावाचे नाव इतिहासात आले नसते. १८१७ च्या जून महिन्यात इंग्रजांनी पेशव्याच्या गळी पुण्याचा तह उतरवला आणि त्याच्याच मुलखाच्या उत्पन्नावर एक नवा रिसाला उभा केला. तो पुणे रिसाला. त्याचे ठाणे शिरूरला होते. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुणे पडले, पेशवा पळत सुटला. वर्षाच्या शेवटी तो पुन्हा पुण्याच्या रोखाने येतो आहे असे दिसल्यावर पुण्याच्या इंग्रजाने शिरूरकडे मदत मागितली. ३१ डिसेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्यापाशी मुंबईच्या देशी पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, पुणे रिसाल्याचे अडीचशेच्या आसपास स्वार, मद्रासचे थोडे तोफची आणि दोन तोफा होत्या. थंडीची रात्र तुडवून सकाळी ते भीमेच्या काठी कोरेगावजवळ पोचले, तो पलीकडे पेशव्याची सारी फौज उभी.

त्या दिवसाविषयी, १ जानेवारी १८१८ विषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. गावाची वाट नदीकडून तुटली होती. शिपायांना पाणी मिळेना, गल्लीबोळांतून आणि घराघरांतून लढाई झाली, ती अंधार पडेपर्यंत चालली. पेशव्याच्या बाजूने कोरेगावात घुसलेल्या तुकड्यांत अरब होते, गोसावी होते, कवायती पायदळ होते. सर्वांत चिवट लढले ते अरब. आणि कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची जी नावे नंतर स्तंभावर कोरली गेली त्यांत ज्यांच्या नावाअखेर 'नाक' येते ते महार शिपाई सर्वांत अधिक आहेत. त्यांच्या जोडीला मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलही आहेत. स्तंभाचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि त्या दगडाला नवा अर्थ मिळाला. ज्यांना पेशवाईत रस्त्यावरून ताठ चालता येत नव्हते त्यांनी त्या नावांत आपला ताठ कणा पाहिला. त्यांचा हा हक्क आहे आणि आम्हाला त्याविषयी तिळमात्र शंका नाही.

पण आम्हा मुसलमानांना त्या लढाईत कोणती बाजू आपली? अरब त्या बाजूला होते म्हणून ती, की स्तंभावर आपलीही नावे आहेत म्हणून ही? हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळत होता. मग लक्षात आले की प्रश्नच चुकीचा घातला आहे. मुसलमान दोन्हीकडे होते, कारण शिपाईगिरी हा त्यांचा धंदा होता. ज्याचे मीठ खावे त्याची बाजू धरावी हा त्या काळचा शिरस्ता मराठ्यालाही लागू होता आणि मुसलमानालाही. 'आपण विरुद्ध ते' अशी रेघ मारून जे लोक आज इतिहास सांगतात त्यांची पाटी कोरेगावच्या त्या एका दिवसाने पुसली जाते. १ जानेवारी २०१८ रोजी त्याच परिसरात, कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या रस्त्यावर, जे घडले ते आपण पाहिले. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. दोनशे वर्षांपूर्वी सारा दिवस पाण्यासाठी तडफडलेल्या शिपायांच्या नावाने हे व्हावे!

लढाईनंतर स्टाँटनची तुकडी पुण्याला गेलीच नाही. ती रातोरात परत फिरली आणि ३ जानेवारीला सकाळी शिरूरला पोचली. जखमींना वाहून आणले होते. त्यांतला लेफ्टनंट पॅटिन्सन, धिप्पाड देहाचा, जखमी होऊनही पुन्हा उठून लढलेला, शिरूरला आल्यावर वारला. शिरूरने त्या सकाळी किती जणांच्या तोंडाला पाणी लावले असेल त्याची यादी कुणी ठेवलेली नाही. स्तंभ कोरेगावला आहे, पण ती माणसे निघाली शिरूरहून आणि परतली शिरूरला.

पुणे रिसाला पुढे कित्येक दशके शिरूरशी बांधलेला राहिला. शिलेदारी पद्धतीचा हा रिसाला. स्वार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येई किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून चढे. दख्खनी मुसलमान आणि मराठे त्यात खांद्याला खांदा लावून होते. १८५७ च्या फेब्रुवारीत, उत्तरेत बंड पेटायच्या तीन महिने आधी, हा रिसाला इराणात होता. खुशाबच्या लढाईत त्याने इराणी पलटणीचे निशाण जिंकून आणले. त्या निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा आहे आणि पंजावर कुराणातल्या सूरह फतहमधली आयत कोरलेली आहे. भीमथडीकडचा मुसलमान स्वार समुद्र ओलांडून इराणच्या शहाशी लढतो, आणि शत्रूच्या हातातून जे ओढून घेतो त्यावर त्याचीच आयत असते. त्या स्वाराच्या मनात त्या वेळी काय आले असेल? इतिहासकार हे विचारत नाहीत. कादंबरीकाराने विचारायला हरकत नाही आणि आपल्यापैकी कुणी तरी ती कादंबरी लिहावी.

शिरूर तालुक्यातच, पण नगर रस्त्यापासून दूर आत, पाबळ आहे. तिथे मस्तानीची कबर आहे. बुंदेलखंडात १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने छत्रसालाला घेरले. बाजीरावाने त्याला सोडवले. त्या नात्यातून मस्तानी पुण्याला आली. पुढचे नाटक-सिनेमांनी इतके घोळले आहे की आम्ही त्यात भर घालत नाही. पाबळ, केंदूर, लोणी ही गावे बाजीरावाने तिला दिली असे सांगतात. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पाबळला मस्तानीही गेली. कशाने गेली याच्या कथा अनेक आहेत. ती पाबळच्या मातीत आहे एवढे खरे.

पाबळचे लोक त्या जागेला कबर म्हणतात, मजार म्हणतात आणि समाधीही म्हणतात. तिन्ही शब्द एकाच दगडाला. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने तिच्या मुलाची मुंज होऊ दिली नाही. कृष्णराव म्हणून जन्मलेला तो मुलगा समशेर बहादूर झाला आणि आईच्या मागे काशीबाईंच्या छायेत वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या निशाणाखाली तो जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर भरतपूरच्या मुलखात वारला. तेव्हा त्याचे वय सत्तावीसच्या आत-बाहेर होते. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात राज्य उभे केले, त्यातून बांद्याचे नवाब झाले आणि दुसरा अलीबहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उतरला. पेशव्याचा हा मुसलमान वंश होता. मराठी इतिहासाची पुस्तके त्याला एका परिच्छेदात उरकतात. मुसलमानी इतिहासाची तर तेवढीही जागा देत नाहीत. त्याला आपला म्हणायला दोघांनाही अडचण होते, आणि म्हणूनच आम्हाला तो अधिक आपला वाटतो.

छावणीच्या पेठेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे गावाचे कौतुकपुराण होईल. शिरूरपासून जवळच कर्डे गाव. १८७४ च्या डिसेंबरात तिथे काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने डोई केली नाही, सुताराने, लोहाराने, चांभाराने काम केले नाही, घरगड्यांनी चाकरी सोडली. सावकारांना बाडबिस्तरा उचलून तालुक्याला, शिरूरला, यावे लागले. पुढल्या वर्षी १२ मे रोजी भीमथडीतल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी भडका उडाला. माणसे मारण्यापेक्षा खतपत्रे जाळण्यावर लोकांचा भर होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला भाव केव्हाच ओसरला होता, सरकारने सारा वाढवला होता आणि शेतकऱ्याच्या नावावर उरले होते ते सावकाराचे खत. आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. या सबंध हकिकतीत शिरूर गाव सावकाराच्या आसऱ्याचे गाव आहे. कचेरी, पोलीस, कोर्ट, तिजोरी सगळे तिथे. खेड्यांच्या मनात तालुक्याच्या गावाविषयी जी एक अढी असते तिची मुळे अशी खोल असतात.

शिरूरला छावणी मिळाली, दौंडला रेल्वे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडवरून दिक्सळला पोचला आणि दोन वर्षांत सोलापूर गाठले. मग १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि भीमेकाठचे हे साधे खेडे उत्तर-दक्षिण वाहतुकीची कडी बनले. १९१४ मध्ये बारामतीला जाणारी अरुंद मापाची आगगाडीही इथूनच सुटू लागली. शिरूरला आजतागायत रेल्वे नाही.

जंक्शनच्या गावाची एक रीत असते. तिथे कुणी कुणाला परका म्हणत नाही, कारण सगळेच कुठून तरी बदली होऊन आलेले असतात. इंजिनाच्या भट्टीपाशी मुसलमान, ड्रायव्हरच्या जागी अँग्लो-इंडियन, रुळांवर घिसाडी-वडारांपासून महार-मांगांपर्यंत सगळे, स्टेशनमास्तर कुणी तमिळ नाहीतर कोकणस्थ. त्या वस्तीत जी मराठी तयार झाली तिला व्याकरण नाही, पण तिच्यात भांडता येते, उधार मागता येते आणि लग्न ठरवता येते. दख्खनी, हिंदी आणि मराठीचे ते मिश्रण ऐकून पुण्याची माणसे हसतात. दौंडची माणसेही पुण्याच्या बोलीला हसतात, एवढेच की ते पुण्यात कळत नाही. नंतर राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी आली, कुरकुंभला रासायनिक कारखाने आले, उसाचे मळे आले. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची वस्ती सदतीस हजारांच्या आसपास होती आणि दौंडची एकोणपन्नास हजारांच्या घरात. लोखंडाने घोड्याला मागे टाकले ते असे.

मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्यात अर्धा तास सहज जाई. त्या अर्ध्या तासावर फलाटावरचे चहावाले, वडेवाले, पाणीवाले जगत. आता जोडमार्ग झाला आहे. त्यावरून जाणाऱ्या गाड्या दौंड स्टेशनात न शिरता गावाच्या कडेने वळून जातात. प्रवाशांचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. फलाटावरच्या त्या माणसांचे काय झाले, ते रेल्वेच्या वेळापत्रकात छापत नाहीत.

शिरूरचेही तसेच आहे. रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, मोटारी आणि शीतकपाटे तयार होऊ लागली, परराज्यांतले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातली मुसलमान मुले पुष्कळ आहेत. दोनशे वर्षांपूर्वी पलटणीमागून आलेल्या बाजारासारखेच तेही पोटामागून आलेले. त्यांच्यातले किती मागे राहतील आणि त्यांच्या नातवंडांना कोण काय विचारील, ते पुढे दिसेल. नगरकडून पुण्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या आता बाह्यवळणाने जातात आणि जुनी पेठ त्यांना दिसतही नाही. पेठेत जायचे तर मुद्दाम आत वळावे लागते. आणि पाबळला जायचे असेल तर पुण्याच्या दिशेने शिक्रापूरपर्यंत येऊन उत्तरेला वळायचे. रस्ता बरा आहे. गावात कुणालाही विचारले तर कबर दाखवतात, समाधी म्हणून विचारले तरी दाखवतात.